आप्पा, माग आणि ऐकणारा फोन

आवाजांची एक यादी आहे. गूगलच्या लोकांनी २०१७ साली बाहेर काढलेली, ऑडिओसेट नावाची. जगातल्या आवाजांचे ६३२ प्रकार त्यात एकाखाली एक लावलेत, आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंमधून दहा-दहा सेकंदांचे वीस लाखांहून जास्त तुकडे काढून माणसांना ऐकवलेत, की बाबा हे काय वाजतंय, कुत्रा की शिंक की पाऊस, टाक खूण. आज आवाज ओळखणारी जी एआय आहेत त्यातली बरीच या यादीवर शिकून मोठी झालीयेत. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, याद्या वाचायची सवयच लागलीय, तर ही पण एका रात्री वरपासून खालपर्यंत वाचून काढली. ढेकर आहे, उचकी आहे, गुळण्या आहेत, पोटातली गुरगुर आहे. तबला आहे, सतार आहे, बॉलिवूडचं संगीत आहे. आइस्क्रीमच्या गाडीला तर स्वतंत्र जागा आहे. कुकरची शिट्टी नाही. रिक्षा नाही. शिलाई मशीन सापडलं तेव्हा जरा आशा वाटली, पण पुढे माग काही आला नाही.

माग शोधायचं कारण एवढंच की मी इचलकरंजीची.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला, मग वाढत वाढत गावात लाखाच्या वर माग झाले. ज्याने तो आवाज ऐकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. गल्लीच्या दोन्ही बाजूला शेड, शेडमध्ये ओळीने माग, प्रत्येक माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फटके मारतोय आणि कुठलाही दुसऱ्याशी तालात नाही. पाहुणे आले की पहिल्या रात्री झोपायचे नाहीत आणि आम्ही पाहुणे म्हणून कुठे गेलो की आम्हाला झोप यायची नाही. रात्री लाइट गेली की अख्खी गल्ली जागी व्हायची, पोरं रडायला लागायची, बायका दारात येऊन बसायच्या. त्या यादीत 'शांतता' पण आहे बरं का, आवाजाचाच एक प्रकार म्हणून. इचलकरंजीत शांतता झाली तर तिचा अर्थ ठरलेला, एमएसईबीला फोन लावा.

माझे वडील, आप्पा, जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कामगार माग चालवतो, कांड्या बदलतो, तार तुटली की जोडतो, पण माग बिघडला की जॉबरला हाक जाते. आता हाक म्हणजे काय, त्या गोंगाटात हाक कुठली ऐकू येणार, हातवारे नाहीतर शिट्टी. पण आप्पांना बऱ्याचदा बोलवायलाच लागायचं नाही. शेडच्या दारात उभे राहून पानाला चुना लावता लावता ते मान जरा तिरकी करायचे, मग खिशातला पान्हा काढून सरळ चौथ्या ओळीतल्या मागाकडे चालायला लागायचे, आणि तो कामगार अजून निवांत असायचा, त्याला पत्ताच नसायचा की आपला माग बिघडतोय. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा हे पाहिलंय. मला तेव्हा वाटायचं आप्पांना कुणीतरी सांगत असेल.

त्याच आवाजाने त्यांचे कान घालवले.

हे काही अचानक होत नाही. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज त्याच्या वर असतो, आणि पाळी आठ तासांचीच असते असंही नाही. कानाच्या आत शंखासारखा जो भाग असतो त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे माणसाला आवाज येत राहतो, पण स, श, फ, त ही सगळी मंडळी शब्दांतून गळून पडतात, मग तो म्हणायला लागतो की तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. आप्पा वर्षानुवर्षं आईला हेच म्हणत होते. आणि ही माणसं कानात काय घालायची तर वेस्ट सुताचा बोळा. तोही मालक बघत नसताना, कारण बोळा घातलेला जॉबर काय कामाचा.

कानाचं यंत्र आणलंय. ते ड्रॉवरमध्ये असतं. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणतात, आणि तक्रार अगदीच खोटी नाही, यंत्र सगळंच मोठं करतं. मग मी त्यांच्या फोनवर ते आवाज ओळखण्याचं सेटिंग चालू करून दिलं. ही सोय आता बऱ्याच फोनमध्ये असते, आयफोनमध्ये २०२० मध्ये आली, अँड्रॉइडवर पण त्याच वर्षी, मूळ उद्देश कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच. दाराची बेल, दारावरची थाप, बाळाचं रडणं, कुत्रा, नळाचं पाणी, आगीचा अलार्म, असं काही वाजलं की फोन थरथरतो आणि स्क्रीनवर लिहून येतं. ऐकण्याचं काम फोनच्या आतच होतं, आवाज बाहेर कुठे पाठवला जात नाही, हे मी आईला चार वेळा समजावलं तरी तिने पहिले काही दिवस स्वयंपाकघरात जावेबद्दल बोलायचं बंद केलं होतं. आणि कंपन्या स्वतःच सांगतात की जिवावर बेतणाऱ्या प्रसंगी यावर विसंबू नका. ते योग्यच आहे.

तर मग आमच्याकडे सुरू झाली मजा. आईने कढईत भजी सोडली की आप्पांच्या खिशात फोन थरथरायचा, नळ चालू आहे. आप्पा उठून बाथरूममध्ये जाऊन बघून यायचे. आप्पा खोकले की कुत्रा भुंकतोय. आपल्याच खोकल्यावर खिशातून कुत्र्याची वर्दी यायची आणि आप्पा ते मोठ्याने वाचून दाखवायचे, आई हसून हसून लोळायची.

भजी आणि नळाची गल्लत का होते ते कळायला आत काय चालतं ते बघावं लागतं. मी नंतर लॅपटॉपवर यामनेट नावाचं एक मॉडेल उतरवून घेतलं, गूगलचंच, फुकट मिळतं, ५२१ आवाज ओळखतं. ते ऐकत नाही, बघतं. सेकंदाला १६,००० वेळा आवाजाची उंची मोजायची, मग साधारण एका सेकंदाचा तुकडा घेऊन त्याचे बारीक बारीक काप करायचे, प्रत्येक कापात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत ६४ खणांत किती जोर आहे ते मांडायचं. झालं, तयार झालं एक चित्र, ९६ बाय ६४ चौकटींचं. पुढचं काम करतं ते मुळात फोटो ओळखण्यासाठी बनवलेल्या जातीचं नेटवर्क, जे त्या चित्राकडे बघून ५२१ पैकी प्रत्येक नावापुढे शून्य ते एक असा आकडा लिहितं. कुत्र्याचं भुंकणं म्हणजे अचानक उभी रेघ, वर पसरलेली आणि झटकन विझणारी. खोकला? तोही तसाच. उकळत्या तेलात भजी, पत्र्यावर पाऊस, जोरात सोडलेला नळ, तिन्हींची चित्रं म्हणजे सगळ्या खणांत सारखी पसरलेली राखाडी धूळ.

पण मग यंत्राला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट सांगते. २०१५ साली कॅरोल पिचॅक नावाच्या पोलिश संशोधकाने ५० प्रकारच्या रोजच्या आवाजांचे २००० तुकडे जमवले, प्रत्येक पाच सेकंदांचा, आणि ते आधी माणसांना ऐकवले. माणसांचे ८१ टक्के बरोबर आले. बाळाचं रडणं जवळपास सगळ्यांनी ओळखलं आणि वॉशिंग मशीन ओळखणारे जेमतेम ३४ टक्के. म्हणजे डोळे बांधून नुसता तुकडा कानावर टाकला तर आपणही भज्यांचा नळ करतोच. आजची चांगली मॉडेलं त्याच तुकड्यांवर पंचाण्णवच्या पुढे आहेत. आपल्याला घरात वॉशिंग मशीन कळतं कारण आपणच ते मघाशी लावलेलं असतं. भजी कळतात कारण पाऊस पडतोय आणि सकाळीच कुणीतरी कांदे चिरायला बसलंय. कान बिचारा थोडंसं काम करतो, बाकी सगळं आपल्याला आधीच माहीत असतं आणि श्रेय कानाला मिळतं.

कुकरचंच घ्या. आमच्या फोनला कुकर कधी शिट्टी वाटला, कधी रेल्वे. समजा नवीन फोनमध्ये आता स्वतःच्या घरातले आवाज शिकवता येतात तसा शिकवला, तरी आईचं काम होत नाही, कारण आईला कुकर वाजला हे नकोच आहे, तिला किती शिट्ट्या झाल्या ते हवंय. वरणभाताला तीन, राजमा असेल तर विचारू नका. आणि तीही अशी की मधल्या काळात ती गच्चीवर वाळवण बघायला गेली असेल तर घरात जो कुणी असेल त्याने मोजायच्या, हा आपल्याकडचा अलिखित नियम, आणि मोजायला विसरला की जेवताना ऐकून घ्यायचं. आप्पांना ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांच्याकडून हे काम काढून घेतलं गेलं, आणि मला वाटतं त्यांना बेल ऐकू न येण्यापेक्षा ते जास्त लागलं.

खोकल्याबद्दल थोडंसं, कारण त्यात बरंच काही चालू आहे. गूगलने २०२४ मध्ये हिअर नावाचं मॉडेल आणलं, ३० कोटी छोट्या आवाजांवर शिकवलेलं, त्यातले सुमारे १० कोटी नुसते खोकले, आणि हैदराबादची साल्सिट नावाची कंपनी खोकल्यावरून फुफ्फुसाची तब्येत सांगणाऱ्या आपल्या 'स्वासा'साठी तेव्हा त्याच्याकडे बघत होती. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "सुताच्या धुळीचा खोकला हाय म्हणून सांगायला कशाला पायजे दहा कोटी, पेठेतल्या कुणालाबी विचार." आता आप्पांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. पेठेतले लोक टीबीलाही सुताची धूळच म्हणत बसायचे.

माझं डोकं अडकलं होतं वेगळ्याच ठिकाणी. ती ऑडिओसेटची यादी बनवताना ज्यांनी तुकडे ऐकून खुणा टाकल्या त्यांना जे ऐकू येतं तेच त्या यादीत आहे. त्यांना शिलाई मशीन वाजलेलं कळतं. पण चौथ्या ओळीतल्या मागाचा पिकर, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला फटका मारणारा तुकडा, झिजलाय हे ज्याला कळायचं तो माणूस इथे माझ्यासमोर खुर्चीत बसून स्क्रीनवरचा कुत्रा वाचतोय. आवाज ओळखणं हा ज्याचा आयुष्यभराचा धंदा, त्याच्याकडून आजवर कुणी एक खूण टाकून घेतली नाही.

यंत्रांचे आवाज ऐकून बिघाड सांगायचा प्रकार एआयमध्ये नवा नाही. हिताची कंपनीच्या लोकांनी २०१९ मध्ये पंप, पंखे, व्हॉल्व्ह आणि सरकत्या पट्ट्यांचे चांगले-बिघडलेले आवाज कारखान्याच्या गोंगाटासकट जमवून खुले केले. २०२० पासून डीकेस नावाच्या आवाज-संशोधनाच्या स्पर्धेत दरवर्षी याचा एक विभाग असतो, आणि त्यातली अट मला फार आवडली. मॉडेलला शिकवताना फक्त चांगल्या मशिनचा आवाज द्यायचा. बिघाडाचे नमुने द्यायचेच नाहीत, कारण खऱ्या कारखान्यात बिघाड रोज थोडेच होतात आणि प्रत्येक नव्याच तऱ्हेचा असतो. मशीन चांगलं चालतं तेव्हा कसं वाजतं हे मॉडेलने मुरवून घ्यायचं, मग त्याहून वेगळं काही आलं की ओरडायचं. हे आप्पांना कागदावर लिहून दाखवलं (मोठं काही सांगायचं असलं की आम्ही लिहूनच दाखवतो) तर ते म्हणाले की त्यांच्या उस्तादाने त्यांना पहिले दोन महिने पान्ह्याला हात लावू दिला नव्हता, नुसतं चांगल्या मागाशेजारी उभं केलं होतं.

मग आम्ही गेलो चुलतभावाच्या शेडवर. त्याच्याकडे अजून थोडे साधे माग आहेत, बाकीच्या ठिकाणी रॅपिअर नावाचे नवे माग आले आणि साधे माग भंगाराच्या भावाने गेले. मी फोनवर रेकॉर्ड करून बघितलं आणि घरी येऊन ऐकलं तर नुसता चिखल, कारण एवढ्या आवाजात फोनचा माइक चोंदतो आणि फोन स्वतःच आवाज कमी-जास्त करत बसतो, शिवाय शेजारचे सगळे माग त्यात. मग एका ऑफिसातल्या मित्राने सांगितलं की पिएझोची चकती लाव, ती खेळण्यातल्या बझरमध्ये असते ती, वीस-तीस रुपयांना मिळते, हवेतला आवाज जवळपास घेतच नाही, ज्याला चिकटवाल त्याची थरथर घेते. चकती आणली. लावायची कुठे? मी वायर हातात घेऊन मागाकडे बघत उभी, भाऊ म्हणतोय इथे लाव, कामगार म्हणतोय तिथे लाव, आणि आप्पा पुढे झाले, मागाच्या बाजूच्या बिडाच्या चौकटीवर तळवा टेकवला, डोळे मिटले नाहीत, उलट धोट्याकडेच बघत होते, तळवा जरा खाली सरकवला, परत वर, मग अंगठा एका जागी दाबून धरला. तिथे. कान गेल्यावर हा माणूस हाताने ऐकायला लागला होता आणि हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण निवृत्तीनंतर त्यांना मागापाशी नेलंच कुणी नव्हतं.

त्या रेकॉर्डिंगवर खुणा टाकायचं काम आप्पांनी केलं. मी कॉलम बनवले होते, 'ठीक' आणि 'बिघाड'. आप्पांनी ते खोडून आपली नावं लिहिली. धोटा पेटीत जाऊन बसतो तेव्हा जो टक् येतो तो कोरडा पाहिजे. पिकर झिजला की तोच टक् ओला होतो. दुहेरी म्हणजे फटक्याच्या मागोमाग अजून एक बारीक ठोका, क्रँकच्या जोडात ढिलाई. आणि एक प्रकार होता 'घाबरलेला', ज्यात धोटा उशिरा पोचतोय पण माग अजून बंद पडत नाहीये. हा मला शेवटपर्यंत ऐकू आला नाही. पण लॅपटॉपवर चित्र काढून बघितलं तर दोन फटक्यांमधलं अंतर बारीकसं कमी-जास्त होत होतं, काही मिलिसेकंदांचा खेळ. तळव्याला ते कसं कळत असेल कोण जाणे.

भावाला या सगळ्यात एकच प्रश्न, याच्याने कापड वाढणार का. मजुरीचे दर, सुताचे भाव, विजेचं बिल यात साधा माग टिकवणंच अवघड झालंय, तिथे कान लावायला कोण बसतंय. त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. एखाद्या मोठ्या गिरणीत असलं काही बसेल तेव्हा ते एअरजेट मागांवर बसेल, आणि एअरजेटमध्ये धोटाच नसतो, हवेच्या झोतावर सूत जातं. आप्पांचे ओले-कोरडे तिथे कामाचे नाहीत. तरी मी ती फाइल नीट ठेवलीय, नावांसकट.

छोटं मॉडेल बनवलं ते चाललं बऱ्यापैकी. म्हणजे ज्या मागावर शिकवलं त्याच्यावर पिकर सैल केला की लॅपटॉपवरची रेघ वर जायची, आप्पा पण तेव्हाच मान हलवायचे, दोघांचं जमलं. मग मी उत्साहात चकती उचलून मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या शेडवर नेली आणि तिथे मॉडेलने शेडमधले सगळेच्या सगळे माग बिघडलेले ठरवले. फरशी वेगळी, मागाची बनावट वेगळी, वेग वेगळा, त्याला सगळंच परकं. संशोधकांनाही हा त्रास आहे, २०२१ च्या डीकेसमध्ये नेमका हाच प्रश्न घातला होता की परिस्थिती बदलली तरी मॉडेल टिकतं का. मी घरी येऊन आप्पांना कागदावर लिहून दाखवलं, दुसऱ्या शेडमध्ये त्याला काहीच कळत नाही.

आप्पांनी वाचलं, चष्मा काढला. "मग बराबरच हाय की. शेड बदलली की मलाबी आठवडाभर काय कळायचं न्हाई."

"मग तुम्ही काय करायचा?" मी मोठ्याने विचारलं, आणि बहुतेक ओठांवरून त्यांना कळलं.

"काय करायचं, पान्हा हातात घिऊन उगं हिंडायचं. मालकाला दिसलं पायजे जॉबर कामात हाय."